शेवटच्या सात पट्ट्या

काकांनी शेवटून तिसरी पट्टी दाबली. आत हातोडी तारेवर आपटली, तिला जोडलेल्या दांडीनं रबरी बदकाचं पोट चेपलं आणि बदकानं मान डोलावली. काकांनीही डोलावली, ऐकल्यासारखी.

बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहातला तो जुना पियानो आता ओळखू येत नव्हता. प्रवासी विसरून गेलेली आणि वर्षभर कुणी न्यायला न आलेली खेळणी सूनबाईनं हरवलेल्या सामानाच्या खोलीतून पोतं भरून आणली होती. खर्जाकडे हत्ती, मध्ये चाकं गेलेल्या मोटारी आणि एका डोळ्याची बाहुली. कुठलीही पट्टी दाबा, कुणीतरी उडी मारायचंच. पुतळे करणारी सून आणि चाळीस वर्षं पियानोचे सूर लावणारे सासरे, अशी जोडी या कामावर जमली होती. दुपारी चारला पियानो प्रवाशांसाठी खुला व्हायचा होता.

आणि काकांना सकाळपासून एकच भीती होती.

वर्षभरापासून त्यांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. शेवटच्या सात पट्ट्या तर साफ मुक्या. कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेलेल्या सूरवाल्याला कोण बोलावणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या सात तारा त्यांनी नुसत्या हाताच्या सवयीनं लावल्या आणि वर शहाणपणही केलं. तिथे आवाज करणारीच खेळणी बसव, असं सूनबाईला बजावलं. बदक, शिट्टीची चिमणी, पाच खुळखुळे. त्या गोंगाटात बेसूर तार कोण ओळखणार?

"बाबा." सूनबाई वळसा घालून समोर आली. समोर येऊन बोलायची तिची सवयच होती. "संगीतशाळेच्या बाई आल्यात. सुरुवात त्या करणार."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्या कशाला? आगारप्रमुख साहेब करणार होते ना?"

"साहेब म्हणतात, त्यांना फक्त बसचा भोंगा वाजवता येतो."

काकांना हसू आलं नाही. बाईंच्या शाळेतले पियानो वर्षानुवर्षं त्यांनीच लावले होते. केसाएवढा फरक पकडणारा कान होता त्या बाईंचा.

बाई बसल्या. हत्ती डोलला, मोटारी उसळल्या, पोरंटोरं खिदळली. बाईंची बोटं वर सरकत गेली तसे काका दाराकडे बघू लागले. पाणी प्यायच्या निमित्तानं सटकावं, असं त्यांना वाटलं, पण पाय हलेनात. बोटं शेवटच्या पट्ट्यांवर पोचली. बदक चेपलं. बाईंच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली. मग तिसऱ्यांदा.

चोराच्या मनात चांदणं. काकांना राहवलं नाही.

"बदक फार ओरडतंय, बाई," ते घाईनं म्हणाले. "त्याच्या कलकलाटात तार ऐकूच येत नाही."

बाईंचा हात थांबला. त्यांनी बदकाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. सूनबाईनं अगदी हळू नकारार्थी मान हलवली.

"हो ना," बाई म्हणाल्या. "फारच ओरडतंय."

आणि त्यांनी बोटं खाली नेऊन पुन्हा हत्तीला नाचवलं. टाळ्या पडल्या. वाचलो, असं म्हणत काका बाकावर टेकले.

गर्दी पांगली. खुंट्या पिळायची चावी ठेवायला काकांनी सूनबाईची हत्यारांची पेटी उघडली. खिळ्यांच्या कप्प्यात कापडाची पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली. आत बदकाच्या पोटातली शिट्टी होती. चिमणीची होती. पाचही खुळखुळ्यांतले मणी होते. शिट्ट्यांना लागलेला डिंक कधीचा सुकून गेला होता; म्हणजे बदक आज ओरडलंच नव्हतं.

सकाळपेक्षा मोठी भीती वाटली त्यांना. त्यांनी मणी कानाशी नेऊन हलवले, पण त्यांचाही आवाज येत नव्हता.

बाहीला हलकासा स्पर्श झाला. सूनबाई वळसा घालून समोर आली, तोंड उजेडाकडे करून उभी राहिली. ही सवय तिला लग्नापासूनची नव्हती. वर्षभरातलीच होती. काकांच्या ते आत्ता लक्षात आलं.

तिनं पुरचुंडी त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा पेटीत ठेवली.

"उद्या लवकर येऊ, बाबा," ती सावकाश म्हणाली. "सूर वर न्यायचा की खाली, ते मी बोटानं दाखवीन. चावी तुम्हीच फिरवायची."