परण्या आणि जुनी सुई

लग्नपत्रिकेतल्या वेळेवर भरवसा ठेवायचा आणि मग हात चोळत बसायचं, ही आपल्याकडची जुनीच खोड. पंचशीलाही त्यातलीच. मुहूर्त बाराचा, म्हणून तिनं दोनला निघायचं ठरवलं होतं. आता तीन वाजत आले, आणि नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, अजून मारुतीच्या पारालाही टेकला नव्हता.

पंचशीला नांदेडच्या ‘जुनी सुई’ या बँडची गायिका. ब्लूज, सोल, रॉक अँड रोल, असलं जुनं अमेरिकन संगीत कालवून ही पोरं मराठीत गाणी करायची. संध्याकाळी लातूरला त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम. बाकीचे पुढं गेले होते. सॅक्सोफोनवाला मुज्तबा मात्र इथं अर्धापुरात, बापाच्या लग्नाच्या बँडमध्ये अडकलेला. त्याच्याशिवाय कार्यक्रम म्हणजे मिठाबिगर वरण.

"चाचा, सोडा की त्याला," तिनं मुज्तबाच्या वडिलांना, करीमचाचांना विनवलं.

"परण्या पाराला टेकल्याबिगर माझा माणूस हलत न्हाई. पोरं नाचून राहिली, मी काय करू?"

लातूरहून तिसरा फोन आला. पोरं नाचतात कशावर? ठेक्यावर. मग ठेकाच काढून घ्यावा, म्हणजे नाच थांबून पाय चालायला लागतील. ती बँडच्या गाडीजवळ गेली, माईक उचलला आणि मुज्तबाला म्हणाली, "आपलं ते संथवालं घे."

मुज्तबाचा चेहरा उतरला. लग्नात असलं रडवं गाणं! पण त्यानं सूर धरला.

नाच थांबला. पण माणसंही थांबली, जागच्या जागी, ऐकत. गाणं संपलं तसा नवरदेवाचा मामा म्हणाला, "वन्स मोअर."

नांदेडात हे गाणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. पंचशीलाला आनंदानं रडू येत होतं आणि भीतीनंही. लातूरचा फोन पुन्हा वाजत होता.

"म्हणते," ती म्हणाली, "पण चालत. उभ्या माणसासाठी मी गात न्हाई."

माईक घेऊन ती पाराकडं निघाली. मागं मुज्तबा, मागं बँडची गाडी, मागं घोडा, मागं अख्खं वऱ्हाड. शेवटच्या कडव्यात तिचा आवाज कापायला लागला, तो काही केल्या आवरेना.

पाराशी घोडा थांबला. करीमचाचा तरातरा तिच्याकडं आले. आता बोलणी खायची, म्हणून तिनं मान खाली घातली. चाचांनी खांद्यावरच्या रुमालानं मुज्तबाचा सॅक्सोफोन पुसला, पेटीत घातला आणि पेटी तिच्या हातात दिली.

"पळा," ते म्हणाले. "अन् तिथं बी आवाज असाच कापू दे."