काट्याचा फोटो

मागच्या वेळी मी मूत्रपिंडावर बोलायला उभी राहिले आणि 'मूत्रपिंड' एवढंच बोलून खाली बसले. दातखीळ बसली ती वर्ग सुटल्यावरच उघडली. सर दयाळू, म्हणून आणखी एक संधी मिळाली. "विषय तू निवड. पण स्वतः केलेलं एक तरी निरीक्षण दाखवायचं. याही वेळी गप्प राहिलीस तर नापास करावं लागेल."

मी 'अंगावर काटा का येतो' हा विषय घेतला. सोपा वाटला. माझी अक्कल अशाच ठिकाणी चालते. पुस्तकातलं सगळं घडाघडा पाठ झालं: थंडी वाजली किंवा भीती वाटली की केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो, केस उभा राहतो, कातडी दाणेदार होते. आता फक्त फोटो हवा होता. घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही अंग होतं.

बाबांच्या मानेवर बर्फ ठेवला. ते डोळे मिटून म्हणाले, "आहाहा, जरा खाली." आईला पडदे ओढून भुताचा सिनेमा दाखवला. भूत कपाटातून निघालं तेव्हा ती म्हणाली, "कपाट छान आहे गं." शेवटी दादाच्या कानाशी स्टीलच्या ताटावर चमचा खरवडला. तो ढिम्म. माझ्याच अंगातून मात्र सर्रकन काहीतरी गेलं. पण मी मोबाइल त्याच्या दंडावर रोखून बसले होते, स्वतःच्या दंडाकडे बघायचं काही सुचलं नाही. मोठी संशोधक.

म्हणजे वर्गात रिकाम्या हातानेच गेले. फळ्यापुढे उभी राहिले, समोर सगळे आ वासून बसलेले, आणि पाठ केलेलं सगळं पुसून गेलं. पाचावर धारण बसली. सरांनी थोडी वाट पाहिली आणि पेनाचं टोपण काढलं.

"फोटो तरी आणलास का?"

मी मान खाली घातली. खाली माझाच हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत एकेक केस ताठ उभा.

"सर," मी म्हणाले, "हे बघा."

सर चष्मा सावरत आले. मग पुढचा बाक आला, त्याच्यामागचाही उठला. कुणी म्हणालं, "खरंच की." मी हात पुढे धरून बाकांमधून फिरायला लागले. एवढी गर्दी माझ्या हाताभोवती आजवर कधी जमली नव्हती, मला फार बरं वाटलं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने माझा हात उलटसुलट करून पाहिला. "कुठे आहे काटा?"

हात गुळगुळीत झाला होता.

"का गेला?" सरांनी मागून विचारलं.

"सर, आता भीती वाटत नाहीये," मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहून केसाच्या मुळापासून सांगायला लागले.