सीताबाईंच्या बेकरीचं काउंटर

पेणमध्ये ज्याला दुकान थाटायचं असतं त्याला पोपट म्हात्रे ठाऊक असतात, आणि ज्याला गुंडाळायचं असतं त्याला तर असतातच. अठ्ठावीस वर्षं हा माणूस दुकानांचं जुनं सामान लिलावात घेतो आणि विकतो. काचेची काउंटरं, लोखंडी रॅक, वजनकाटे, फ्रीझर, एकदा तर न्हाव्याची फिरती खुर्ची. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गोदाम आहे. मिठागरात राबलेल्या वडिलांनी तेवढी जागा मागे ठेवली होती, आणि पोपटरावांनी तिथे इतकं सामान कोंबलंय की आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागतं. दारावर पाटी आहे : ‘माल आपला आपण न्यावा. पोच करून मिळणार नाही.’

लिलावातला माल उचलायला मात्र ते जातीने जात, कारण दुसऱ्याच्या हातून काच फुटते यावर त्यांचा ठाम विश्वास. विकलेला माल ज्याचा त्याने न्यावा. नव्या दुकानवाल्यांकडून उद्घाटनाच्या पत्रिका यायच्या, सोबत पेढे यायचे. पेढे ते खात आणि पत्रिका भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवत. एकाही उद्घाटनाला हा गृहस्थ कधी गेला नाही. दुकान बंद पडताना मात्र दारात पहिला हजर.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीला दुकान काढायची हुक्की यावी, याला काय म्हणायचं?

निशिगंधा सव्वीस वर्षांची, रोह्याजवळच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला, राहायला रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत भाड्याच्या खोलीत. गणपती झाल्यावर पेणला आली आणि जेवताना सरळ सांगून मोकळी झाली की नोकरी सोडतेय, अष्टमीत गाळा घेतलाय, दसऱ्याला बेकरी सुरू करणार. पोपटरावांच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. बसस्टँडसमोरचा ज्यूसवाला, सात महिने. नागोठण्याचा मोबाइलवाला, चौदा. हॉटेल काढणारे दोघे भाऊ, एक पावसाळा. अशी चाळीसेक नावं त्यांना पाठ होती, आणि प्रत्येकाचा टेम्पो भरतानाचा चेहराही. निशिगंधाने शांतपणे आमटी वाढून घेतली. तिने हे पाढे लहानपणापासून ऐकले होते.

पोपटरावांना राग आला होता असं घरच्यांना वाटलं. राग नव्हता. एक दिवस आपल्याच लेकीच्या गाळ्यासमोर टेम्पो उलटा लावून तिचं काउंटर उचलावं लागेल, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं आणि काही केल्या जात नव्हतं. भीती वाटत होती त्यांना. पण भीती वाटते असं लेकीला सांगण्यापेक्षा तिच्याशी भांडणं सोपं असतं, तेव्हा ते भांडले.

आठवड्याभराने रोह्याच्या बाजारपेठेत एक लिलाव लागला. सीताबाईंची बेकरी मिटली होती. निडीच्या या बाई वय झाल्यावर गावी जाऊन राहिल्या होत्या, आणि सामान काढायचं काम त्यांचा पुतण्या हर्षद बघत होता. कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, लिलाव त्याने जन्मात कधी घेतला नव्हता. त्याने प्रत्येक वस्तूवर खडूने नंबर टाकले आणि खुर्चीवर उभा राहून बोली पुकारू लागला.

भट्टी, ट्रे, मिक्सर असं भराभर गेलं. मिक्सर आणि ट्रे निशिगंधानेच घेतले. ती समोरच उभी होती, बापलेकीने एकमेकांकडे बघायचंही टाळलं. मग आलं काउंटर. सहा फुटी, पुढून वाकवलेली काच, आत सागवानी फळ्या. असं काम आता कोणी करत नाही. पोपटराव आकडा कधी बोलत नाहीत, चष्मा कपाळावर सरकवतात, की बोली चढली असं समजायचं. निशिगंधा मात्र खणखणीत आवाजात आकडा सांगत होती. दहा हजार. चष्मा वर. बारा. पुन्हा चष्मा वर. नागोठण्याचा मोरू, पोपटरावांचा जुना प्रतिस्पर्धी, बारालाच बाजूला झाला आणि गंमत बघायला उकिडवा बसला, कारण त्याच्या हिशेबी वस्तू तेवढ्याचीच होती.

बाकीच्यांनाही हळूहळू उमगलं की हे दोघे कोण आहेत. कुणीतरी हसलं. हर्षदला घाम फुटला. अठरा, वीस, बावीस. बावीसला निशिगंधाचा आवाज थोडा कापला. पोपटरावांना तो कापलेला ऐकू आला, तरी त्यांनी चष्मा वर केलाच. तेवीस. ती थांबली. ओढणीने तोंड पुसलं, आपले ट्रे रिक्षात घातले आणि पुलाकडे निघून गेली. लिलाव पोपटरावांनी जिंकला, आणि इतकं लाजिरवाणं जिंकणं त्यांच्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं.

काउंटर गोदामात आलं. ते लवकरात लवकर दूर कुठेतरी विकून टाकायचं, म्हणजे विषय संपला, असा त्यांचा बेत होता. पुसायला घेतलं तेव्हा मागच्या बाजूला हाताला कुलूपबंद पेटी लागली. ओढून बाहेर काढली. गल्ला होता तो.

आता या धंद्याची एक रीत आहे. दुकानातलं सगळं विकलं जातं, झाडूसुद्धा, पण गल्ला विकत नाहीत. रोज सकाळी जिला हळदकुंकू लागतं ती पेटी मालकाच्या घरी जाते. चुकून लिलावात आला तर घेणाऱ्याने तो आपल्या हाताने परत नेऊन द्यायचा. हर्षदला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पोपटरावांनी आजवर असे दहा-बारा गल्ले परत केले होते, आणि प्रत्येक वेळी दारातूनच पळ काढला होता, कारण गल्ला हातात घेतला की माणसं रडतात. आधीच मन ठिकाणावर नव्हतं, त्यात हे. पण रीत म्हणजे रीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्ला फडक्यात बांधला, स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि निडी गाठली.

सीताबाई अंगणात सुपात वाल निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांना पट्टे, पण नजर तल्लख. गल्ला बघून त्या खूश झाल्या, हर्षदला दोन शेलक्या शिव्या घातल्या आणि त्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं. पोपटरावांनी पाठ झालेलं सांत्वन सुरू केलं, की दिवस सगळ्यांचेच फिरतात, धंद्यात खोट कुणाला चुकलीय, मनाला लावून घेऊ नका. सीताबाई वाल निवडायच्या थांबल्या.

“बुडलं म्हनून कोनी सांगितलं तुला?” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षं चाललं. दोन पोरींची शिक्षनं झाली, लग्नं झाली, हे घर झालं. आता गुडघे उभं राहू देत नाय म्हनून मिटवलं. बुडलं नाय रे, जन्मभर पुरलं.”

 मिटलेलं दुकान म्हणजे बुडालेलं दुकान, हा पोपटरावांचा अठ्ठावीस वर्षांचा पक्का समज. पुरलेलं दुकान असंही काही असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

चहा आला. सीताबाईंनी विचारलं काउंटर कोणी घेतलं. पोपटरावांनी आपलंच नाव सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणजे निशिगंधाचा बाप तो हाच. निशिगंधा त्यांच्याकडे तीन महिने दर रविवारी येत होती. खारीचे पदर सोडवायला शिकली, नानकटाई शिकली, एक रविवार तर नुसती भट्टी साफ करत बसली. सीताबाई काउंटर तिला तसंच द्यायला तयार होत्या. तिनेच नको म्हटलं.

“म्हनली, माझ्या बाबाला फुकट आलेल्या वस्तूची किंमत नसते. त्याच्यासमोर बोली लावून घेईन, म्हनजे त्याला पटेल मला धंदा जमतो.” सीताबाईंनी बशी खाली ठेवली. “आनि तूच चढवलीस व्हय बोली?”

चहा एकदम कडू लागला.  मग पोपटरावांनी आपल्या मनातलं सांगितलं, की मावशी, मी इतकी दुकानं मिटलेली बघितलीत की दुसरं काही डोळ्यांपुढं येतच नाय. सीताबाईंनी ऐकून घेतलं. पुन्हा सूप पुढे ओढत त्यांनी एवढंच विचारलं, की ज्यांच्याकडनं सामान उचलतोस त्यांची दारं बघितलीस, पण ज्यांना विकतोस त्यांच्या दारात कधी गेलास का?

खरं तर तिथून पोपटरावांनी पेणला परतायचं. पण स्कूटर रोह्याच्या दिशेने वळली. अष्टमीत लेकीच्या गाळ्यासमोरून जाताना त्यांनी वेग वाढवला, पूल ओलांडला आणि बाजारपेठेत येऊन गाडी लावली. म्हटलं, बघू तरी.

तिसऱ्याच दुकानात त्यांना आपला रॅक दिसला. हिरवा, डाव्या अंगाला पोचा आलेला. बारा वर्षांपूर्वी विकलेला, आता त्यावर वह्यांचे गठ्ठे रचलेले, आणि मालकीणबाई गिऱ्हाइकांना आवरता आवरता बेजार. पुढे धान्यवाल्याकडे त्यांचा वजनकाटा. आइस्क्रीमवाल्याकडे फ्रीझर, त्याच्या झाकणाची मूठ पोपटरावांनीच बदलली होती. शिंप्याकडे त्यांचं कापायचं टेबल. तो शिंपी धावत बाहेर आला, म्हणाला, तुमी कवा आलात, उद्घाटनाला बोलावलं तेव्हा तर नाय आलात. बळेच सरबत पाजलं. एका गल्लीत सहा वस्तू सापडल्या, सहाही कामाला लागलेल्या. दोन दुकानं मिटलीही होती, नाही असं नाही, पण ती शोधायला पोपटरावांना वेळ झाला नाही. सरबताचा पेला हातात धरून हा माणूस रस्त्यातच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षं आपण अर्धाच धंदा बघितला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्या रितेशला त्यांनी काउंटर चढवायला सांगितलं. कुठे टाकायचं, विचारल्यावर म्हणाले, पोच करायचंय. रितेशने पाटीकडे बघितलं, पोपटरावांकडे बघितलं आणि शहाण्यासारखा दोर आवळायला घेतला.

निशिगंधा गाळ्यात रंगाच्या डब्यांमध्ये उभी होती, केसांवर चुन्याचे शिंतोडे. काउंटर उतरेपर्यंत तिने हातातला ब्रश चालूच ठेवला. पोपटरावांनी ते स्वतः भिंतीशी लावलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून समतोल केलं, काच पुसली. मग तिने विचारलं, किती द्यायचे. ते म्हणाले, काही नको. ती म्हणाली, फुकट घेणार नाही, बावीसला थांबले होते, बावीस घे.

“बारा हजारांची वस्तू हाय गो,” पोपटराव म्हणाले. “बावीस कशाला देतेस?”

“मग तू तेवीसला का घेतलीस?”

पोपटराव पुसलेली काच पुन्हा पुसू लागले. “तुला मिळू नये म्हनून,” ते म्हणाले. “भीती वाटली गो मला.”

 निशिगंधाला भांडायचं होतं, लिलावापासून तिने मनात तयारी केली होती, आणि आता समोर भांडायला कोणी उरलं नव्हतं. तिने ओढणीला हात पुसले, पर्स उघडली.

“वस्तू बाराची ना? मग बाराच घे. वरची तुझी हौस.”

पोपटरावांना हसू आलं. लेक त्यांचीच होती, यात शंका नव्हती. त्यांनी पैसे घेतले, पावतीपुस्तक काढलं, काउंटरवरच ठेवून पावती लिहिली आणि फाडून तिच्या हातात देताना मात्र ती सोडेनात.

“एक ऐक,” ते म्हणाले. “कधी मिटवायची पाळी आलीच, तर सामान उचलायला मला बोलवू नको. मोरूला बोलव. मी नाय येनार.”

निशिगंधाने पावती हळूच ओढून घेतली. “एकतीस वर्षांनी मिटवणार हाय मी,” ती म्हणाली. “तेव्हा तू अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असशील, बाबा. तुझ्याच्यानं काय काउंटर उचलतंय?”

पोपटरावांनी मनातल्या मनात बेरीज केली. सत्तावन्न आणि एकतीस. बरोबर होती. मग त्यांनी रितेशला हाक मारून सांगितलं की तू टेम्पो घेऊन जा पेणला, आणि बाह्या सरसावून रंगाचा दुसरा ब्रश कुठे आहे ते विचारलं.