धरून ठेवलेल्या मशिनी

अंजनाबाईंचे पाय इतके सुजले होते की चपलेत अंगठा शिरेना. खापरखेड्याहून त्या नवऱ्यासोबत, आनंदरावांसोबत, सकाळीच नागपुरात धंतोलीतल्या डायलिसिस सेंटरवर येऊन बसल्या होत्या. गुरुवारचं डायलिसिस हुकलं होतं आणि आज शनिवारीही वेळ मिळत नव्हती. समोर काचेपलीकडे मात्र तीन मशिनी रिकाम्या उभ्या होत्या.

ते पाहून कामासाठी सेंटरवर आलेल्या मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ही व्यवस्था तिनंच बांधलेली. धंतोलीतली पाच डायलिसिस सेंटरं तिच्या कंपनीनं एकमेकांना जोडली होती. प्रत्येक पेशंटच्या नावानं एक सॉफ्टवेअर एजंट. माणसानं फोनवर गरज सांगायची. पुढचं विचारणं, ताडून पाहणं, वेळ ठरवणं एजंट आपल्या बुद्धीनं करणार. त्यांनी आपसात कसं बोलायचं ती रीतही मेघाचीच. आधी विचारा, सेंटर वेळ देईल, ती तासभर धरून ठेवा, मग पक्की करा किंवा सोडा.

तिनं तिथंच लॅपटॉप उघडून नोंदी चाळल्या. एकाही एजंटानं नियम मोडला नव्हता. आपल्या माणसाला सगळ्यात सोयीची वेळ मिळवून दे, एवढंच त्यांना सांगितलेलं, आणि पठ्ठ्यांनी ते मन लावून केलं होतं. एकेकानं एकदम चार-चार वेळा अडवून धरायच्या, तास भरत आला की सोडायच्या, आणि त्याच क्षणी पुन्हा धरायच्या. अंजनाबाईंचं नाव जेमतेम आठवड्यापूर्वी नोंदलेलं, म्हणून त्यांचा एजंट नवखा. तो सकाळपासून नुसता विचारत होता आणि नकार ऐकत होता.

तिनं साहेबांना, मधुकररावांना, फोन लावला.

"नियम तं कोणी तोडला नाही ना? मंग सोमवारी पाहू," ते म्हणाले. "त्या बाईले तू हातानं टाकून दे मधात."

"मधात टाकलं तं दुसरं कोणी बाहेर पडते, सर. तोही पेशंटच राहते."

फोन ठेवल्यावर आनंदरावांनी विचारलं, "काय झालं वं पोरी?" तिनं सगळं समजावून सांगितलं. म्हातारा वीज केंद्रात पस्तीस वर्षं काढलेला, त्याला यंत्रांचं अप्रूप नव्हतं.

"हे तं आमच्या बसच्यावानी झालं," ते म्हणाले. "लोकं खिडकीतून सीटवर रुमाल टाकते अन् खाली चाय पीत राहते. एक कंडक्टर होता आमच्या रूटवर. तो म्हणे, रुमालवाला दाराशी दिसला तं सीट त्याची, नाही तं रुमाल माह्या खिशात."

मेघा ताठ बसली. अर्ध्या तासात तिनं नवा नियम लिहून काढला: वेळ धरल्यावर पंधरा मिनिटांत खुद्द पेशंटनं किंवा घरच्यांनी फोनवर 'निघतो' दाबायचं, नाही दाबलं तर वेळ सुटली, आणि त्या एजंटाला ती पुन्हा धरता येणार नाही. फक्त एक अडचण होती. रीत बदलायला पाचही सेंटरांचा होकार लागतो, हे शहाणपणाचं कलमही तिनंच घातलेलं होतं.

फोनवर हे सोमवारपर्यंत चाललं असतं. तिनं दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि बाराच्या उन्हात पायीच निघाली. पहिल्या दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसरीकडे डॉक्टर ओपीडीत होते, तर ती पेशंटांच्या रांगेत उभी राहिली आणि होकार घेऊनच निघाली. चौथ्या ठिकाणी त्यांनी चार प्रश्न विचारून का होईना, होकार दिला. पाचवं सेंटर अंजनाबाई बसल्या होत्या तेच. तिथले मॅनेजर गिरिधर म्हणाले, "मीटिंगमधी ठेवू ना."

"पयले बाहेर या तुम्ही. त्या काकूचे पाय पाहा, अन् मंग मले मीटिंग सांगा."

गिरिधर बाहेर आले, पाहिलं, आणि फोनवर होकार दाबून आत गेले.

नियम लागू झाला. पंधरा मिनिटांनी धरलेल्या वेळा पटापट सुटू लागल्या. पहिली, मागणीच्या क्रमानं, कामठीच्या एका पेशंटला गेली. दुसरी धंतोलीतल्याच एका म्हाताऱ्याला. अंजनाबाईंचा श्वास आता शेजारी ऐकू येत होता. हातानं नाव घालायची सोय मेघाच्या स्क्रीनवरच होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते बटण दाबावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

तिसऱ्या वेळेला आनंदरावांचा फोन वाजला. त्यांनी 'निघतो' चार वेळा दाबलं, बसले होते दारातच तरी.

नंदिनी सिस्टरनं अंजनाबाईंचं वजन घेतलं, मशीनशेजारी बसवलं, टोचायला सुई हातात घेतली. पण बाईंनी हात पदराखालून बाहेर काढला नाही. त्यांनी मेघाला जवळ बोलावलं.

"पोरी, खरं सांग. माह्यासाठी कोणाले उठवलं तं नाही ना वं?"

"नाही काकू," मेघा म्हणाली. "तुमचाच नंबर होता."

तेव्हा कुठं अंजनाबाईंनी हात पुढं केला.