गोमाची उलटी गाठ

वाशिंदच्या फुलांच्या कारखान्यात रुपालीचा हात सगळ्यांत हलका, हे शेठसुद्धा कबूल करायचा. मुंबईच्या नववधूंचे लग्नातले गुच्छ तिथे यायचे. यंत्रात आधी ते कडक गोठवायचे, मग आतली हवा ओढून फुलांतलं पाणी तेवढं काढून घ्यायचं. फूल रंगरूपाने तसंच राहायचं, पण पापडासारखं ठिसूळ व्हायचं. पुढे रुपालीने चिमट्याने ते उचलायचं, तुटलं तिथे गोंदाचा थेंब द्यायचा आणि काचेच्या पेटीत बसवायचं.

वैशाखात रुपालीचंच लग्न झालं. तिचा बाप गोमा शहापूरकडे मोगरा लावायचा. लेकीच्या गळ्यातल्या हाराला त्याने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. तीन कळ्या, मरव्याचं पान आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, धाग्याची गाठ. गोमा डावखुरा, त्यामुळे गाठ उलटी पडायची. "गोमाचा हार आंधळापण ओळखील," असं बाजारातली माणसं हसून म्हणायची. रुपालीने शेठला विचारून तो हार यंत्रात सुकवून घेतला आणि त्याबदल्यात रविवारीही राबली.

आषाढात गोमा साप चावून वारला. त्याच्या हातचं म्हणून आता तो हार तेवढा उरला. पण पावसाचं घर ओलं, आणि वाळलेल्या फुलाला दमट हवा लागली की त्याचा लगदा होतो. म्हणून हार कारखान्याच्या कोरड्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला. पाऊस सरला की तो आईला नेऊन द्यायचा, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

आणि शेठने काय दिवे लावावेत? एका बड्या घरचा गुच्छ लवकर द्यायचा म्हणून त्याने यंत्र वेळेआधीच उघडलं. आतली पांढरी फुलं ओली राहिली, काळी पडली. दुसऱ्या दिवशी त्याने रुपालीपुढे ताटलीभर मोगऱ्याच्या कळ्या ठेवल्या. "शिल्लक मालातल्या आहेत. काळी काढ, ह्या बसव."

"काय टपोऱ्या हायत हो!" रुपाली म्हणाली, आणि जीव ओतून एकेक कळी चिकटवत गेली. दुपारपर्यंत गुच्छ असा सजला, की शेठ खूश.

मग ती टेबल झाडायला उठली. केराच्या डब्यात मरव्याची वाळकी पानं होती आणि एक लांब धागा, केळीच्या सोपाचा. तिने तो उचलला. सगळ्या गाठी उलट्या होत्या.

कपाटातलं खोकं रिकामं होतं.

"शेठ!" तिच्या आवाजाने शेजारच्या टेबलावर काम करणारी बाईजा दचकली. "माझ्या बापाचा हार कापला तुमी?"

"ओरडतेस काय? कळ्याच होत्या ना? तुला दुसरा हार देतो सुकवून."

"दुसरा कोण बनवील? बाप माझा मसणात गेला! आणि माझ्याच हातानी चिकटवायला लावल्या, मेल्या, लाज कशी नाय वाटली तुला?"

ती गुच्छाकडे वळली, चिमट्याने एक कळी धरून हळूच ओढली. कळीचा चुरा झाला. दुसरी ओढली, तिचाही चुरा. गोंद तिनेच तर पक्का लावला होता! स्वतःच्या त्या कौतुकाच्या हाताचा तिला इतका संताप आला, की तो तोडून टाकावासा वाटला.

तेवढ्यात गुच्छाची मालकीण दारात आली. बरोबर तिची आई. शेठ गोड हसायला लागला. रुपालीने मात्र पडदा ठेवला नाही, सगळं सांगून टाकलं. नवरीने आईकडे पाहिलं. आईने चष्मा सारखा करून गुच्छ न्याहाळला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "दिसत तर नाहीये ना काही."

झालं! रुपालीने दोन्ही हात गुच्छात घातले आणि मोगरा तेवढा चुरडला. "तुमच्या शोकेसात माझा बाप ठेवायचा नाय!" बाई किंचाळल्या, शेठ धावला, पण बाईजा मधे आडवी उभी राहिली. चुरा पदरात बांधून, धागा मुठीत धरून रुपाली निघाली ती थेट आईच्या दारात आली.

"हार आनलास गो?" आईने विचारलं. नवरा गेल्यापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती.

रुपालीने मूठ उघडली आणि घडलं तसं सांगितलं. आईने धागा घेतला. बोटाने एकेक गाठ चाचपत ती टोकापर्यंत गेली.

"त्याच्याच हायत," ती म्हणाली.

मग तिने धागा मनगटाला गुंडाळला, पदर खोचला आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"चल. त्या शेठला दाखव मला."