छापचित्राने परत आणलेले नाव

मित्रांनो, मी साडेतीनशे वर्षांचा एक कागद आहे. माझ्यावर एक छापचित्र आहे. डावीकडे पडक्या देवळाचे खांब, खाली दोन मेंढपाळ आणि पलीकडे उन्हात विरत जाणारे डोंगर.

माझ्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराने हा देखावा आधी तैलरंगांत रंगवला. मग तांब्याच्या पत्र्यावर मेण लावून सुईने पुन्हा काढला. आम्लाने रेषा खोल गेल्या, त्यांत शाई भरली आणि मला ओला करून त्यावर जोरात दाबले. तो माझा जन्म.

पुढे मी जर्मनीत, येना शहरातल्या एका घरात आलो. जिना चढताना पाहुणे माझ्यापाशी थांबत, कौतुक करत. पण पिढ्या बदलल्या. कोणीतरी मला गोंदाने पुठ्ठ्यात बसवले, त्यात माझी खालची कड झाकली गेली. ओल लागून तपकिरी डाग पडले. गेल्या वर्षी घर रिकामे झाले आणि मी श्पेरम्युलमध्ये, म्हणजे फुटपाथवर काढून ठेवलेल्या जुन्या सामानात, एका गादीला टेकून उभा राहिलो.

येनात भिंगांवर संशोधन करणारी धम्मदीपा नवरा अनुप याच्याबरोबर तिथून चालली होती.

"अगं, केवढे डाग आहेत!" अनुप म्हणाला.

"डाग नको बघूस. डोंगरावरचं ऊन बघ," असे म्हणत तिने मला उचललेच.

काही महिन्यांनी ती दोघे दुसऱ्या शहरातले संग्रहालय पाहून आली. दारातूनच ती माझ्याकडे धावली.

"अनुप, तिथलं ते मोठं तैलचित्र हेच आहे रे! फक्त आरशात दिसावं तसं उलटं. छापताना बाजू बदलते ना! आणि तिथे खाली लिहिलंय, 'चित्रकार अज्ञात'."

ती मला घेऊन संग्रहालयात गेली. तिथल्या चित्रतज्ज्ञ फ्राउ, म्हणजे श्रीमती, लिंडनर म्हणाल्या, "ही नंतरची नक्कल असणार." धम्मदीपाने टॉर्च आडवा धरला. तांब्याच्या पत्र्याची कड माझ्या अंगात दबलेली स्पष्ट दिसली; म्हणजे मी यंत्रावरची नंतरची नक्कल नव्हतो, थेट तांब्यावरून छापलेला होतो.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" फ्राउ लिंडनर पुटपुटल्या. "चित्रकाराचं नाव खालच्या कडेवर, पुठ्ठ्याखाली असू शकेल. पण सोडवताना कागद फाटूही शकतो."

धम्मदीपाने माझ्या झाकलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "सोडवा."

दोन दिवस मला वाफ देत होते. माझा तंतू न् तंतू ताणला गेला, पण मी फाटलो नाही. पुठ्ठा सुटला आणि अक्षरे उजेडात आली: 'योरिस व्हर्लिंडेने रंगवले, त्यानेच कोरले.'

आज ते भव्य तैलचित्र आणि मी एकाच भिंतीवर आहोत. पाटी बदलली त्या दिवशी दालन भरले होते. धम्मदीपाने नाव मोठ्याने वाचले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुप सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. माझ्या बोटभर कडेने माझ्या चित्रकाराला त्याचे चित्र परत मिळवून दिले होते!

मित्रांनो, डागाळलेला कागद दिसला तर लगेच फेकू नका. त्याला गोंद लावू नका, ओलीपासून जपा, एकदा उजेडात धरा. त्याला काही सांगायचे असेल, तर ते ऐकायला तिथे तुम्हीच असाल.