डाव्या हातातला कंगवा

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य आरशासमोर गेलं. सलून त्यांचं स्वतःचं. उजव्या हातात कात्री, डाव्या हातात कंगवा. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात मांडीवर नुसता पडून राहिला. कंगव्याशिवाय कात्री काय कामाची? सलूनचं शटर खाली आलं ते आलंच. ते पुन्हा वर जाईल की नाही, हाच एक घोर माझ्या जिवाला लागला होता.

व्यायाम शिकवायला घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने टेबलाच्या मधोमध आरसा उभा केला, डावा हात त्यामागे लपवला आणि उजवा पुढे ठेवला.

"काका, आरशात बघत बघत उजवा हात हलवा. मेंदूला वाटेल, डावाच हलतोय. तुमचा हात शाबूत आहे हो, मेंदूतून त्याच्याकडे जाणारी वाट बुजलीय. मेंदू नवी वाट पाडतो, पण आधी त्याला पटवावं लागतं."

"आरसा मला फसवणार?" हे हसले. "अगं, तो उजवाच आहे. उलटा दिसतोय एवढंच."

आता काय कपाळ पटवणार! मुलगी म्हणाली, आवडीचं काम द्या हातात. मी लगेच कात्री दिली. ह्यांनी आरशात पाहून तोंड वाकडं केलं.

"हा कोण डावखुरा कारागीर आणून बसवलाय?"

पुढे कितीतरी दिवस तेच चाललं. आरशापुढे कात्री कचकच चालायची, मागचा हात मात्र ढिम्म. मुलगी बिचारी हिरमुसली. मी भडकले.

"जन्मभर लोकांची डोकी ठीक केलीत, स्वतःचं तेवढं ऐकत नाही!"

त्याच तिरमिरीत मी टेबल आवरायला घेतलं. ह्यांच्या उजव्या हातातली कात्री काढली, तिथेच पडलेला कंगवा कोंबला. "धरा हे जरा." ह्यांची नजर आरशाकडे गेली आणि तिथेच खिळली. आरशात डावा हात होता आणि हातात कंगवा, नेहमी असायचा तसाच.

"हा माझा," हे हळूच म्हणाले.

मुलीने धावत दुसरा कंगवा आणला आणि आरशामागच्या बोटांत अडकवला. पडला. मग तो रोजच पडायचा. टेबलावर टक्कन वाजलं की आम्ही पुन्हा ठेवायचो. हे आरशातल्या हाताला दटावत राहायचे, "उचल, तिरका धर, वर ने." मला त्यांचा आवाज सलूनमधल्यासारखा वाटायला लागला होता, आणि तेवढ्यानेही मला बरं वाटायचं.

एके सकाळी टक्कन वाजलंच नाही. मी आरशामागे डोकावले. अंगठा कंगव्यावर दाबलेला होता. हलकाच, पण दाबलेला. खात्री करायला मी कंगवा ओढून पाहिला. सुटेना. माझ्या डोळ्यांना धार लागली.

ह्यांची नजर अजून आरशातच होती.

"ओढू नकोस गं," हे म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."